दोन किक रिकाम्या, तिसरी खरी

गाडी विकायचं काकूंनी ठरवलं आणि काकांनी एका शब्दात मान्य केलं, तिथेच खरं तर काकूंना शंका यायला हवी होती. लग्नाला चौतीस वर्षं झाली, पण काकांनी पहिल्या झटक्यात 'हो' म्हटलेली ही दुसरीच गोष्ट. पहिली म्हणजे लग्न.

काका वीज खात्यात मीटर वाचायचे. सगळं गाव त्यांना मीटरवाले काका म्हणूनच ओळखायचं. बावीस वर्षं ते या एकाच गाडीवरून दारोदार फिरले. जुनी टू-स्ट्रोक मोटारसायकल, पेट्रोलमध्ये ऑईल मिसळून पिणारी, मागे निळसर धूर सोडणारी. कंपनीने ती बनवणं कधीच बंद केलं होतं, पण काकांच्या गाडीला ही बातमी कुणी सांगितली नसावी. ती चालतच होती. थकला तो काकांचा उजवा गुडघा. डॉक्टरांनी निक्षून सांगितलं, "किक मारायची नाही. रोज फिरायला जा." काकूंनी त्याच आठवड्यात मेकॅनिकला बोलावलं आणि गाडी त्याच्या हवाली केली. काकांनी टाकीवरून एकदा फडकं फिरवलं आणि आत जाऊन पेपर उघडला. उलटा.

चौथ्या दिवशी पहाटे पावणेसहाला फोन वाजला.

"काका, मी तुमची गाडी घेतली ना, ती. मेकॅनिकने नंबर दिला तुमचा. सुरूच होत नाहीये हो! माझे पेशंट उपाशी बसलेत."

गाडी घेणारी ही मुलगी एका लॅबमध्ये काम करायची. सकाळी घरोघर जाऊन लोकांचं रक्त घ्यायचं आणि आठच्या आत लॅबमध्ये पोचवायचं, हे तिचं काम. आदल्या रात्रीपासून पोटात काही नसलेली माणसं किती चिडकी असतात, हे ज्याने पाहिलंय त्यालाच तिची घाई कळेल. काकांनी फोनवर समजावलं, पण असली विद्या फोनवरून देता येत नाही. त्यांनी बूट चढवले.

"कुठे निघालात?" काकूंनी अंथरुणातूनच विचारलं.

"फिरायला. डॉक्टर म्हणालेत ना."

काकूंना इतकं बरं वाटलं, की त्या पुन्हा गाढ झोपल्या.

मुलीची खोली दहा मिनिटांवर होती. गाडी दारात उभी, आणि ही तिच्यापुढे घामाघूम. काकांनी पेट्रोलचा कॉक उघडला, चोक ओढला, चावी बंद ठेवून दोन किक रिकाम्या मारल्या, मग चावी फिरवून तिसरी खरी. गाडी ओळख पटल्यासारखी सुरू झाली.

"मी पण हेच केलं होतं!" मुलगी रडवेली होऊन म्हणाली.

"केलं असशील. पण तिला पटलं नसेल."

"मेकॅनिककडे तर लगेच झाली सुरू."

"गरम असेल तेव्हा. गरम गाडी कुणाचंही ऐकते. गार असली की माझं ऐकते. आणि कोमट असली ना पोरी, की कुणाच्या बापाचं ऐकत नाही."

या शेवटच्या वाक्यात पुढचा सगळा घोळ होता. कारण रक्त घ्यायला पाच मिनिटं लागतात आणि पाच मिनिटांत गाडी बरोबर कोमट होते. पहिल्याच पेशंटच्या दारातून तिचा पुन्हा फोन आला. काका चालत तिथे गेले. मग दुसऱ्याच्या दारात. तिसऱ्या वेळेला काका म्हणाले, "असं कर, मला मागेच बसव. तू वर जाशील तेव्हा मी खाली गाडी चालू ठेवून बसतो."

वर जायचा प्रश्नच नव्हता. सुई नुसती दिसली तरी काकांना घेरी यायची.

आणि असं काकांचं सकाळचं फिरणं सुरू झालं. पहाटे त्या तीन किक, मग दीड तास मागच्या सीटवर, मांडीवर नमुन्यांचा बर्फाचा डबा. पेशंटही ओळखीचे निघाले. ज्यांची मीटरं बावीस वर्षं वाचली, त्यांचंच आता रक्त. "काय काका, आता आमचं रीडिंग घेता काय?" असं म्हणून कुणी चहाचा कप खाली पाठवायचं.

एकदा काकांनी विचारलं, "तू तरुण मुलगी. बटण दाबलं की सुरू होणाऱ्या गाड्या मिळतात की आता. ही म्हातारी कशाला घेतलीस?"

मुलगी समोर बघत गाडी चालवत होती. एक वळण घेऊन म्हणाली, "बाबांची अशीच होती. टाकीवर बसवायचे मला. ते गेले तेव्हा माझी परीक्षा चालू होती. परत येईपर्यंत मामाने भंगारात देऊन टाकली होती. तेव्हापासून असा आवाज कुठे आला की मी खिडकीत जायची."

काकांनी मांडीवरचा डबा जरा घट्ट धरला.

इकडे घरी काकूंचं कौतुक हळूहळू ओसरत चाललं होतं.

"अहो, फिरून आलं की माणसाला घामाचा वास येतो. तुम्हाला पेट्रोलचा कसा येतो?"

"पंपावरून जातो ना मी."

"आणि चालणाऱ्याचे दोन्ही बूट झिजतात. तुमचा उजवाच कसा झिजला?"

"उजवीकडे जरा भार पडतो माझा."

हे मात्र शंभर टक्के खरं होतं, आणि त्याचा परिणामही दिसत होता. तीन आठवड्यांत गुडघा टम्म सुजला. काकू घाबरल्या. इतकं नेमाने फिरूनही गुडघा सुजतो, म्हणजे आत काहीतरी मोठंच असणार. त्यांनी परस्पर डॉक्टरांना फोन केला. डॉक्टरही बुचकळ्यात पडले. म्हणाले, रक्त तपासून घ्या. काकूंनी लॅबला फोन करून पत्ता दिला. काकांना यातलं अक्षरही सांगितलं नाही. सुईचं नाव काढलं असतं तर ते गावाबाहेर गेले असते. फक्त म्हणाल्या, "उद्या चहा फिरून आल्यावरच घ्या हं. बाहेर काही खाऊ-पिऊ नका."

काकांनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी तिसऱ्या पेशंटकडे अर्धा कप घेतला.

शेवटचा पेशंट उरला होता. मुलीने कागद पाहिला, गाडी वळवली, आणखी एकदा वळवली. काका मागून सावध झाले.

"इकडे कुठे?"

"नवीन पेशंट आहेत. दुसरा मजला. गुडघ्याचा त्रास आहे म्हणे आजोबांना, आणि सुईला खूप घाबरतात. त्यांच्या मिसेस म्हणाल्या, कळू न देता पटकन घ्या."

"थांब! थांब, मला इथेच उतरव!"

"इथे कुठे? बंद पडेल ना गाडी!" म्हणत तिने थेट काकांच्याच इमारतीखाली ब्रेक लावला, डबा उचलला आणि जिना चढून गेलीसुद्धा.

काका एका हाताने अॅक्सिलरेटर धरून आणि दुसऱ्या हाताने तोंड झाकून बसले. पण तोंड झाकता आलं तरी आवाज कुठे झाकणार? बावीस वर्षं त्या आवाजावर काकूंनी चुलीवरचं आधण वरखाली केलं होतं. गाडी गल्लीच्या तोंडाशी होती, तेव्हाच त्या हातातलं काम टाकून गॅलरीत आल्या होत्या.

"अहो!"

काका इतके दचकले, की हात सुटला आणि गाडी बंद पडली. गल्लीत एकदम शांतता पसरली.

काकू खाली आल्या. त्यांच्या मागे डबा घेऊन गोंधळलेली मुलगी.

"हे तुमचं फिरणं?"

"फिरतच होतो की," काका म्हणाले. "फक्त चालत नव्हतो."

"काकू, तुम्ही ओळखता यांना?" मुलीने विचारलं.

"थोडंफार. चौतीस वर्षं झाली. हेच तुझे पेशंट. घे, इथेच घे रक्त. पळायला गुडघा नाहीये यांना."

बंद गाडीवर बसल्या बसल्या काकांनी डोळे मिटले आणि हात पुढे केला. काकूंनी दुसरा हात धरला. काम झालं तेव्हा काका म्हणाले, "घेतलं नाहीस अजून?" आणि मग आपल्या हाताला चिकटवलेला कापूस पाहून पांढरेफटक पडले. अर्ध्या कपाची कबुलीही त्यांनी त्याच अवस्थेत देऊन टाकली.

एव्हाना पावणेआठ झाले होते. नमुने आठला पोचायला हवेत आणि गाडी नेमकी कोमट. काका उठून किकवर उभे राहिले, तर गुडघ्याने जागीच असहकार पुकारला. त्यांना पायरीवर बसवावं लागलं. मुलीने अकरा किक मारल्या. बाराव्या वेळी तिचा पाय घसरला आणि डोळ्यांत पाणी आलं.

"सरक," काकू म्हणाल्या.

"अगं, तू?" काका पायरीवरून ओरडले.

काकूंनी गाडी जराशी आपल्याकडे कलती केली. चोक ओढला, मग काय वाटलं कोण जाणे, परत आत ढकलला. दोन किक रिकाम्या मारल्या, अगदी सावकाश, झोपलेल्या बाळाच्या अंगावर पांघरूण घालावं तशा. चावी फिरवली. तिसरी किक मारली. गाडी सुरू झाली आणि निळ्या धुराने गल्ली भरून गेली.

"काकू!" मुलगी अवाक झाली.

"जोर नाही लावायचा गं. हे रोज तिच्याशी भांडायचे. पाय हळू खाली न्यायचा, ती मध्येच अडते, तिथे थांबायचं आणि मग सोडायचं. बावीस वर्षं गॅलरीतून बघतेय मी." मग त्यांनी डबा मांडीवर घेतला आणि मागे बसल्यासुद्धा. "चल लवकर. लॅबच्या दारात बंद पडली तर कोण आहे तुला?"

काका पायरीवर कापूस दाबत बसले. आपलीच बायको आपल्याच गाडीवरून गल्लीबाहेर जाताना त्यांनी पहिल्यांदा पाहिली.

लॅब दहा मिनिटांवर होती. काकू सव्वा तासाने परतल्या. केस विस्कटलेले, गाल लाल.

"एवढा वेळ?"

"येताना तिला म्हटलं, नदीकडून घे," काकू पाण्याचा तांब्या उचलत म्हणाल्या. "मग जरा मी चालवली. मोकळ्या रस्त्यावर. थोडीच."

काका बघतच राहिले. "मला कधी बोलली नाहीस ते, चालवायची आहे म्हणून?"

"तुम्ही कधी विचारलंत?"

काकांनी उठून, लंगडत, चहा टाकला. साखर जरा जास्तच पडली, पण काकूंनी तो पूर्ण प्यायला.

दुसऱ्या दिवसापासून पहाटे काकू जाऊ लागल्या. काका घरी गुडघा शेकत बसायचे आणि त्या आल्या की खोदून खोदून विचारायचे, कुठे अडली, प्लग काळा झाला होता का, चढावर दम लागला का. काकू सांगायच्या. दोघांचं इतकं बोलणं कित्येक वर्षांत झालं नव्हतं. गुडघ्याची सूज उतरली. रक्तातही काही निघालं नाही. डॉक्टर म्हणाले, "बघा, फिरण्याचा गुण!"

पण काकू शिकवायला चांगल्या होत्या, आणि हीच पंचाईत झाली. एका सकाळी त्या नेहमीपेक्षा लवकर परतल्या.

"जमलं तिला," त्या म्हणाल्या. "गार, कोमट, सगळं. आज सहाही ठिकाणी तिनेच सुरू केली. पहिल्या फटक्यात."

"अरे वा," काका म्हणाले.

"हो ना. बरं झालं."

"बरंच झालं."

दुसऱ्या दिवशी दोघांनाही साडेपाचला जाग आली. आता उठायचं काही कारण नव्हतं, तरी दोघं उठली. काकूंनी केस विंचरले. काकांनी पेपर उघडला, तो कालचा होता. पावणेसहा झाले. सहा झाले. काकूंनी फोन एकदा उचलून, रेंज आहे ना ते पाहून ठेवला.

सहा वाजून दहा मिनिटांनी तो वाजला. काकांनी आधी झडप घातली. काकूंनी कान जवळ आणला.

"काका," मुलगी म्हणाली, "काय करू हो, आज सुरूच होत नाहीये. कितीतरी किक मारल्या. येताय का कुणीतरी?"

तिच्या आवाजामागे गाडी व्यवस्थित सुरू होती. एका लयीत, न अडखळता, टाकीत नुकतंच ताजं पेट्रोल भरल्यासारखी. दोघांनाही ते स्वच्छ ऐकू आलं.

काकांनी काकूंकडे पाहिलं. काकू आधीच चपला शोधत होत्या.

"काही हात लावू नकोस तिला," काका फोनमध्ये म्हणाले. "दोघंही येतोय."