सिरक्याचा कांदा

शीला रविवारी दुपारच्या बसने पुसदहून येणार होती आणि जाताना बापाला सोबत घेऊन जाणार होती. आई नलू वारून सात महिने झाले होते. पासष्ट वर्षांचा माणूस बोरी अरब गावात एकटा काय खातो, कसा राहतो, याची लेकीला काळजी होती आणि ती खरीच होती. देवरावांना मात्र घर सोडायचं नव्हतं. बऱ्याच विनवण्यांनंतर शीलाने फोनवर शेवटची सवलत दिली होती. "तुमी नीट रांधून खाता, हे मले डोळ्यांनं दिसलं पायजे. नाही तं बॅग भरायची, बाबा."

देवराव टेलर. अर्ध्या गावाच्या कमरेचं माप त्यांना तोंडपाठ होतं. त्या वर्षांत ही मापं हळूहळू कमी होत चालली होती. कापसाचा भाव पडला की नवे कपडे बंद होतात आणि जुने आटवायला, म्हणजे शिलाई आत घ्यायला, येतात. आटवण्यात देवरावांचा हात धरणारा कोणी नव्हता. स्वयंपाकात मात्र त्यांची मजल वरण-भात आणि बेसनापर्यंत होती. तेवढ्यावर शीला भुलणार नव्हती. ती माहेरी आली की ताटात सगळ्यात आधी आईचा सिरक्यातला कांदा शोधायची. तो कांदा ताटात दिसला तर आपण खटला जिंकला, असा देवरावांचा हिशेब होता.

नलूची कृती त्यांनी चाळीस वर्षं पाहिली होती, म्हणजे शिलाई मशीनवरून मान न उचलता पाहिली होती. कांदा पातळ चिरायचा, मीठ चोळून पिळायचा, मग तिखट, मोहरी-मेथीची भरड, हिंग, गुळाचा खडा आणि वरून सिरका. अर्ध्या तासात तयार. अडचण सिरक्याची होती, पण तीही सुटली. सेवादासच्या कृषी केंद्रात आता फवारणीच्या औषधांना गिऱ्हाईक उरलं नव्हतं, म्हणून त्याने अर्ध्या दुकानात किराणा मांडला होता. रविवारी सकाळी त्याने एक काळपट बाटली काढली आणि सवयीप्रमाणे वर्तमानपत्रात गुंडाळून दिली.

येताना शेजारच्या विमलताई दारातच भेटल्या आणि हातात काय आहे, असं त्यांनी विचारलं. देवरावांनी बाटली सदऱ्याखाली घातली आणि काही नाही म्हणाले. कांद्याचं कळलं असतं तर विमलताईंनी ताबडतोब पदर खोचला असता, आणि मग शीलाला पहिल्याच घासात हात कोणाचा ते कळलं असतं. त्याच भीतीने देवरावांनी घरात शिरून दार लावलं आणि आतून कडी घातली. इथे त्यांचं चुकलं. त्या वर्षांत आमच्या भागात लोक उघड्या दारातून शिरणाऱ्या चोराला भीत नसत, भरदिवसा लागलेल्या कडीला भीत; कडीमागे माणसं फवारणीचं औषध पीत.

विळीवर बसायला गुडघे तयार नव्हते, म्हणून देवरावांनी कापडाची कैची घासून धुतली आणि कांदे कातरायला घेतले. पट्ट्या अशा एकसारख्या पडल्या की नलूनेही तोंडात बोट घातलं असतं. पण तिसऱ्या कांद्याला डोळे झोंबले आणि चौथ्याला नलूची आठवण आली. पाचव्याला कोणतं पाणी कशाचं, हे त्यांनाही सांगता येईना. ते मोठ्याने रडू लागले. सात महिन्यांत रडायला असं सोयीचं निमित्त मिळालंच नव्हतं. मीठ चोळून त्यांनी कांदे पिळले, खारं पाणी गंजात, म्हणजे पातेल्यात, काढून ठेवलं आणि भिंतीवरच्या फोटोला म्हणाले, "नलू, मले नाही जमून राह्यलं तुह्याबिगर."

भिंतीपलीकडे विमलताईंच्या हातातलं सूप खाली पडलं. दार बंद, बाटली सदऱ्याखाली, आणि वरून हे. त्या धावत समोरच्या ओट्यावर बसलेल्या बाबारावांकडे गेल्या. बाबाराव जिनिंगमध्ये कापूस तोलायच्या काट्यावर कामाला होते. जिनिंग दोन हंगामांपासून बंद होतं आणि तेव्हापासून ते ओट्यावर बसून होते, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. आठ आठ दिवस ते कोणाशी बोलत नसत. ते उठले, त्यांनी खिडकीच्या फटीतून आत पाहिलं. देवराव लाल डोळ्यांनी बाटलीचं बूच काढून सिरका खरंच आंबट आहे का, ते जिभेवर थेंबभर घेऊन पाहत होते.

पुढचं सगळं बाबारावांनी कोणाला न विचारता केलं. दुसऱ्याच धडकेत दार बिजागऱ्यांसह आत पडलं. बाटली त्यांनी हिसकून भिंतीवर फेकली. परातीतला कांदा लाथेने उधळला. ओकारी काढायला मिठाचं पाणी हवं होतं आणि ते गंजात आयतंच तयार होतं. पाच कांद्यांचं पिळलेलं पाणी त्यांनी देवरावांच्या नाकाला चिमटा घेऊन पाजलं.

ते पाणी पोटात राहणं शक्यच नव्हतं. देवराव ओकाऱ्यांच्या मधल्या जागेत सांगत होते, "अबे, सिरका होय तो. कांद्यासाठी आणला."

"सगळे असंच काही तरी सांगतेत," बाबाराव म्हणाले आणि त्यांनी मित्राला खांद्यावर टाकलं.

दारव्ह्याला जाणारी खेमसिंगची जीप स्टँडवर उभी होती. सोळा माणसं बसल्याशिवाय खेमसिंगने चावी फिरवल्याचं कोणी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी त्याने बसलेली सात माणसं उतरवली आणि गाडी सोडली. वाटभर बाबारावांनी देवरावांचा हात सोडला नाही. देवरावांना त्या पकडीचंच जास्त दुखत होतं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तोंडाचा वास घेतला, डोळ्यांत बॅटरी मारली, नाडी पाहिली आणि कांद्यात मोहरी होती का, असं विचारलं. घालायची राहून गेली, असं देवरावांनी खेदाने कबूल केलं. दोन तास बसवून ठेवून डॉक्टरांनी त्यांना घरी सोडलं.

पण गावाला डॉक्टरांपेक्षा विमलताईंवर जास्त विश्वास होता. तोवर शीला येऊन पोचली होती. तिने पाहिलं ते पडलेलं दार, फुटलेल्या काचा आणि गळ्यात पडून रडणाऱ्या विमलताई. जीप आली तेव्हा ती ओट्यावर उभी होती. बाप स्वतःच्या पायांनी उतरला तशी तिने धावत जाऊन त्याला धरलं. देवरावांनी कांद्याचं सगळं परोपरीने सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि बॅग काढली. "कांदा असो का काही असो, बाबा, मी आता तुमाले येथं ठेवत नाही. माह्यात तेवढी हिंमत नाही," ती म्हणाली. देवराव खटला हरले होते.

सकाळी बॅग भरून झाली. बसला वेळ होता. शीला आत चहा टाकत होती. दार नव्हतंच, म्हणून बाबाराव सरळ आत आले. त्यांच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक बाटली होती. ती त्यांनी देवरावांपुढे ठेवली. देवरावांना वाटलं, फोडलेल्या सिरक्याची भरपाई असेल. कागद उघडला तर ते फवारणीचं औषध होतं, सीलही न तोडलेलं.

"बाबाराव, तुले तं एक एकर वावर नाही. हे कायले?"

"दिवाळीत आणलं. माळ्यावर होतं," बाबाराव जमिनीकडे पाहत म्हणाले. "दोन खेपा कडी लावून बसलो होतो मी, देवराव. म्हणून काल खिडकीतून पाह्यलं अन् मले समजलं. म्हणजे समजलं असं वाटलं. आता हे माह्या घरी नको."

देवरावांना आपल्या मनगटावरचे कालचे वळ दिसत होते. हा माणूस दोन वर्षं समोर बसला होता आणि आपण त्याला रोज फक्त जय भीम घातला, याची त्यांना फार लाज वाटली. आत स्टोव्ह बंद झाल्याचा आवाज आला. शीला बाहेर आली, तिने ती बाटली कागदासकट उचलली आणि आपल्या पिशवीत घातली. मग भरलेली बॅग ओढत आत नेली आणि बापाचे सदरे एकेक करून पुन्हा खुंटीला अडकवले. बसची वेळ झाली तेव्हा ती एकटीच निघाली. जाताना रोज दोन माणसांचा स्वयंपाक करा, एवढंच बापाला सांगून गेली.

बाबाराव तिला स्टँडवर सोडून परत आले आणि पुन्हा आपल्या ओट्याकडे वळले. देवरावांनी त्यांना हाक मारली. "बसतो कुठी? माहं दार कोण बसवून देईन? तूच पाडलं न."

बाबारावांनी हातोडी आणली. बिजागऱ्या ठोकता ठोकता दुपार झाली. दार चौकटीत बसलं, उघडून-लावून पाहिलं. शेवटी वाकडी झालेली कडी सरळ करून ते आतून ठोकायला लागले, तेव्हा देवराव मशीनवरून उठले आणि त्यांनी ती कडी त्यांच्या हातातून काढून घेतली.

"राहू दे. कडी नको," ते म्हणाले. "अन् जेवण झालं की तुह्या घरचीबी काढून आण."