मॅचिंग सेंटरातले मुकुंदमामा

"लाल ब्लाऊजपीस दाखवा," असं कुणी म्हटलं की मुकुंदमामा मान वर करत नसत. "लाल म्हणजे कुठला, ताई? बाजारात जाऊन नुसतं 'भाजी द्या' म्हणता का?" मग डाळिंबी, कुंकवी, राणी, कुसुंबी असे तागे काउंटरवर पडत. साडीचा पदर ते पायरीवर नेऊन उन्हात धरत. "ट्यूबलाइट खोटं बोलते," म्हणत.

नव्वदच्या दशकात पंचवटीतल्या त्या दुकानात मी शेजारच्या काउंटरवर अस्तर आणि फॉल विकायचो. माझी अक्कल बघूनच मालकाने मला ते काउंटर दिलं होतं.

मामांना टीबी झाला. बायको केव्हाच गेलेली, मूलबाळ नाही. गोळ्या सुरू झाल्या, खोकला थांबला, मामा कामावर आले. आणि काही महिन्यांनी त्यांनी हिरव्या साडीवर चॉकलेटी पीस कापला.

"मामा, चष्मा बदला."

"चष्मा ठीक आहे. तू तोंड बदल."

चुका वाढल्या. मालकाला कळलं तर नोकरी जाणार, म्हणून मी शहाणपणा केला. बायका साडी ठेवून बाजार करायला जात, तेवढ्यात मामा पीस कापून पिशवीत भरायला माझ्याकडे सरकवत. मी गुपचूप बरोबर रंगाचा कापून तो भरायचो आणि त्यांचा अस्तरांच्या ढिगाखाली दडपायचो. दोन महिने एक तक्रार आली नाही. मी स्वतःवर इतका खूश, की बायकोला ही हुशारी दोनदा ऐकवली.

मग एक दिवस मामा पायरी न दिसून रस्त्यावर पडले. मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. टीबीच्या गोळ्यांपैकी एकीमुळे डोळ्यामागची नस सुजली असावी, असं ते म्हणाले. ती गोळी त्यांनी बंद करायला लावली.

"यात बरेचदा आधी रंग जातात. तेव्हाच यायचं होतं. दुकानात कुणाच्या लक्षात नाही आलं?"

मी भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता मन लावून वाचत बसलो.

नजर परत येईल म्हणून सहा महिने वाट पाहिली. अंधूक दिसण्यापलीकडे काही आलं नाही. शेवटी एका रविवारी मामांच्या खोलीवर जाऊन मी सगळं कबूल केलं.

"माहीत होतं," मामा म्हणाले. "माझं कापून झालं की तुझी कात्री चालायची. कान शाबूत आहेत माझे."

"मग रंग चुकतायत हे तेव्हाच डॉक्टरांना का नाही सांगितलंत?"

ते चहाचा कप चाचपडत होते. मी तो हातात दिला.

"सांगितलं असतं, तर तू थांबला असतास," ते म्हणाले. "माझ्यासाठी गुपचूप काही करणारं बऱ्याच वर्षांत कोणी नव्हतं रे."