पंचेचाळीस अंशांची पिशवी

"तू फक्त खाली उभी राहा आणि हात पसर. बाकी माझ्यावर सोड!"

हे वाक्य नेमबाज रोज सकाळी तिसऱ्या मजल्याच्या बाल्कनीतून म्हणायचा. नेमबाज म्हणजे पडदे शिवणारा साधा शिंपी. पण त्याची बायको घरातून निघताना रोज काहीतरी विसरायची आणि तो ते वरून बरोब्बर तिच्या हातात टाकायचा, म्हणून गल्लीने त्याला हे नाव दिलं होतं. चष्मा, छत्री, डबा, एकदा तर चक्क अंडं! आणि ते फुटलं नाही! (उकडलेलं होतं, पण सांगताना तेवढं तो गाळायचा.)

त्या दिवशी मात्र प्रकरण डब्याएवढं सोपं नव्हतं. बायको घरी भौतिकशास्त्राच्या शिकवण्या घ्यायची आणि तिला शाळेत कायमची नोकरी हवी होती. घरी चार पोरांसमोर ती तासन्‌तास बोलत सुटायची, पण निवडीचा तास म्हटलं, मागच्या बाकावर मुख्याध्यापिका येऊन बसल्या, की तिची जीभ टाळूला चिकटायची. दोन शाळांनी 'कळवतो' म्हणून अजून कळवलं नव्हतं. आज तिसरी शाळा. धडा होता प्रक्षेप्याच्या गतीचा, म्हणजे फेकलेली वस्तू हवेतून कशी जाते आणि कुठे पडते. त्यासाठी तिने स्प्रिंगची छोटी बंदूक आणि प्लास्टिकचा चेंडू आणला होता. बोलणं अडलं तर चेंडू तरी उडेल! आणि नेमकी या दोन्हींची पिशवीच टेबलावर राहिली.

"अरे, पिशवी!" ती खालून ओरडली. "नुसती सोड खाली! आज शहाणपणा नको!"

शहाणपणा नको म्हटल्यावर ज्याला तो सुचत नाही, असा नवरा अजून जन्माला यायचाय.

आठवडाभर ती याच धड्याची तालीम नवऱ्यासमोर करत होती आणि तो पडद्याला अस्तर लावत 'हूं, हूं' करत होता. त्यातलं बरंचसं अस्तरातच शिवलं गेलं, पण एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. पंचेचाळीस अंशांत फेकलं की वस्तू सगळ्यात लांब जाते! आणि सगळ्यात लांब म्हणजे सगळ्यात चांगलं, हे त्याने आपलं आपण जोडलं. इतकी वर्षं आपण अडाण्यासारखे अंदाजाने टाकत आलो, आज बायकोच्या मोठ्या दिवशी तरी शास्त्राने टाकू! त्याने कठड्यावर कोपर टेकवलं, हात अर्धा आडवा, अर्धा उभा धरला, एक डोळा मिटला आणि होतं नव्हतं ते सगळं प्रेम पणाला लावून पिशवी भिरकावली.

पिशवी वर गेली. आणखी वर गेली. मग बायकोचे पसरलेले हात ओलांडून, फाटक ओलांडून, रस्त्याने रमतगमत चाललेल्या एका उघड्या ट्रकमधल्या गाद्यांच्या थप्पीवर अलगद जाऊन बसली. आवाजसुद्धा झाला नाही. ट्रकवाल्याला पत्ताच नव्हता, तो कोपऱ्यावरून वळून गेला.

बायकोने वर पाहिलं. मग हातातल्या घड्याळाकडे पाहिलं. चार शिव्या घातल्या असत्या तर नेमबाजाला बरं वाटलं असतं.

"तू हो पुढे! मी आलोच घेऊन!" असं ओरडत तो जिना उतरला, एका पायात स्वतःची चप्पल, दुसऱ्यात बायकोची, गळ्यात मापाची टेप. स्कूटर काढली आणि गादी दिसेल त्या दिशेला पळवली.

ट्रक सापडला तो मुलींच्या वसतिगृहाच्या आवारात. गाद्या उतरवून त्यांचा ढीग घातला होता. नेमबाज एकेक गादी दाबून बघायला लागला.

"काय चाललंय हे?" वसतिगृहाच्या बाई धावत आल्या.

"दाबून बघतोय."

"मुलींच्या गाद्या?"

"नाही हो! माझी वस्तू राहिलीये त्यात!"

"कसली वस्तू?"

नेमबाज पडला खरं बोलणारा माणूस. "बंदूक," तो म्हणाला.

पुढचं सगळं फार भराभर झालं. बाई किंचाळल्या. हमाल गाद्यांमागे लपले. वॉचमनने लांबून धावत येऊन नेमबाजावर उडी घेतली आणि दोघे मिळून ढिगात कोसळले.

"अहो, खेळण्यातली आहे! नुसता चेंडू उडतो!" नेमबाज खालून ओरडला.

"कोणावर उडवणार होतास?"

"मुख्याध्यापिकेसमोर..."

या उत्तराचा काही फायदा झाला नाही. पण तेवढ्यात पिशवी सापडली. वॉचमन तिच्यावरच पडला होता! बाईंनी आतली बंदूक दोन बोटांनी उचलून पाहिली आणि त्यांच्या जिवात जीव आला. तरी त्या म्हणाल्या, "शाळेत जाऊन खात्री करून ये रे, याला सोडू नकोस." मग वॉचमन नेमबाजाची कॉलर धरून स्कूटरवर मागे बसला.

वर्गाच्या दारातून नेमबाजाने आत पाहिलं. फळ्यावर फक्त धड्याचं नाव होतं. बायको खडू धरून उभी होती, ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. मागे मुख्याध्यापिका घड्याळाकडे बघत होत्या. हे आपल्यामुळे झालं, हे त्याला इतकं लागलं की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"बाई," वॉचमन दारातूनच म्हणाला, "हा माणूस तुमचा का?"

वर्ग फिसकन हसला. बायकोने जरा जास्तच वेळ विचार केला.

"माझाच," ती शेवटी म्हणाली. तिने पिशवी उघडली. स्प्रिंग लोळागोळा झाली होती आणि चेंडूची चपाती!

"मी अगदी बरोबर पंचेचाळीस अंशांत फेकली होती गं!" नेमबाज काकुळतीला आला. "तूच म्हणालीस ना, सगळ्यात लांब जाते!"

"लांब?" बायकोचा आवाज एकदम सुटला. "मी उभी कुठे होते? खाली! मला लांब कशाला हवी होती?"

खडू फळ्यावर आपटला. तिने इमारत काढली, बाल्कनी काढली, तिच्यात मोठ्या नाकाचा एक माणूस काढला.

"हा माझा नवरा! आता याच्या हातातून पिशवी सुटली. तिला पुढे ढकलणारं कोणी उरलं का?"

"नाही!" वर्ग म्हणाला.

"अडवणारं?"

"नाही!"

"हवा अडवते, पण आज तिला सोडून देऊ. म्हणजे आडवी ती त्याच वेगाने जात राहणार. आणि खाली कोण ओढतंय?"

"गुरुत्वाकर्षण!"

"सतत! वर जातानासुद्धा! म्हणून वर जायचा वेग कमी कमी होत शून्यावर येतो आणि मग ती खाली पडायला लागते. पुढे जाणं आणि खाली पडणं एकाच वेळी चालू, एकमेकांना न विचारता, अगदी आमच्या घरासारखं! म्हणून वाट अशी वाकते. हिला म्हणतात परवलय." तिने झोकदार रेघ ओढून ती ट्रकमध्ये नेऊन सोडली. "आणि पंचेचाळीस अंशांचं खरं कधी? फेकायची आणि पडायची जागा एकाच उंचीवर असेल तेव्हा! हा तिसऱ्या मजल्यावर होता!"

"म्हणजे त्यांचं तेसुद्धा चुकलं?" पुढच्या बाकावरच्या मुलीने विचारलं.

"तेसुद्धा!"

"आणि नुसती सोडली असती तर?"

"तर आडवा वेग शून्य. सरळ माझ्या हातात आली असती, आणि मी आत्तापर्यंत इथे रडवेली होऊन उभी राहिले नसते!"

घंटा झाली तरी कोणी उठलं नाही. वॉचमनसुद्धा केव्हाच एका बाकावर बसला होता आणि त्याने नेमबाजाची कॉलर सोडली होती.

मुख्याध्यापिका पुढे आल्या. त्यांनी फळ्यावरचं नाक पाहिलं, मग खरं नाक पाहिलं.

"बाई, सोमवारपासून रुजू व्हा," त्या म्हणाल्या. "पहिला धडा घर्षणाचा आहे. तुमचे यजमान त्या दिवशी मोकळे आहेत का?"

नेमबाजाची छाती फुगली. एवढ्या मोठ्या शाळेला आपली गरज पडते म्हणजे काय! तो उत्तर देणार, तेवढ्यात बायको हातावरचा खडू झटकत म्हणाली,

"मोकळेच असतात. मी सकाळी जिना ओला करून ठेवते."