बिनतेलाची टिक्की आणि पहिला पर्याय

बर्गर घरी बनवायला काय अक्कल लागते, असं मी ऑफिसात ठणकावून सांगितलं. ऑफिसात म्हणजे झेरॉक्स मशिनला. त्याने कागद अडकवला. मी तो होकार समजलो.

कारण ताई. दर रविवारी ती फोनवर माझं वजन विचारते आणि फोन ठेवते. या वेळी म्हणाली, "बाहेरचं खाणं बंद कर, नाहीतर मी राहायला येईन." ही धमकी होती. मला बराच वेळ आशा वाटत राहिली.

तरी मी बर्गर मागवायचं ॲप फोनमधून काढून टाकलं. जाता जाता ॲपने कारण विचारलं. खाली आठ पर्याय. जो माणूस आठ पर्याय वाचत बसतो, तो काय बर्गर सोडणार! मी पहिला दाबला आणि बीट किसायला घेतलं.

बीट, ओट्स, उकडलेला राजमा. तेल नाही, मैदा नाही, चव नाही. तासभर भाजलेली टिक्की बशीत ठेवली तर बशीला तडा गेला. पावाच्या जागी कोबीचं पान. "छान झालंय," मी म्हणालो. घरात दुसरं कोणी नसल्याने विरोध झाला नाही.

असे तीन रविवार बेल न वाजता गेले. चौथ्या रविवारी दुपारी वाजली. दोनदा. माझी बेल दोनदा वाजवणारा माणूस एकच, बर्गर आणून देणारे दादा. आमचं बोलणं ठरलेलं असायचं. ते म्हणायचे "गरम आहे", मी म्हणायचो "हो का". ताई सोडली तर आठवड्याचं तेवढंच.

आज त्यांचे हात रिकामे होते. "सर, माझं काय चुकलं?"

पहिला पर्याय होता, 'आणून देणाऱ्याचं वर्तन वाईट'. त्यापायी कंपनीने त्यांना तीन आठवडे घरी बसवलं होतं. बायकोला वाटत होतं, यांनी कुणाला तरी मारलं.

मी पाया पडायचाच बाकी होतो. लगेच कंपनीला फोन लावला. आपण रांगेत चौतिसावे आहात, असं सांगून संगीत सुरू झालं. दादा खुर्चीत बसले. ती खुर्ची करकरते, हे मला तेव्हा कळलं. मी नेहमी दुसरीवर बसतो.

मी टिक्की पुढे केली. त्यांनी ती टेबलावर वाजवून पाहिली.

"अरे बाबा, बटाटा घाल यात. जरा तेल दाखव. वीट भाजतोयस का?"

सर गेलं, अरे आलं. मला भरून आलं. मग ते गुडघ्याबद्दल आणि बंद लिफ्टांबद्दल बोलत राहिले. रांगेत माझा नंबर दुसरा आला आणि फोन कट झाला. पुन्हा चौतिसावा. चुकून झालं, शप्पथ. दादांनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे.

शेवटी एक बाई लाईनवर आल्या. त्यांनी दादांच्या वर्तनाबद्दल विचारलं. "उत्तम," मी म्हणालो, "दोनदा बेल वाजवतात." तक्रार मागे घेतली गेली. दादांनी टिक्की रुमालात बांधून घेतली. आपण कुणाला मारलं नाही, गिऱ्हाईकच असलं खायला लागलंय, याचा बायकोला पुरावा दाखवायचा होता.

पुढच्या रविवारी मी ॲप परत घेतलं आणि बर्गर मागवला. ओट्यावर बटाटा घातलेल्या दोन टिक्क्या झाकून ठेवल्या, दोन बशा मांडल्या. बेल दोनदा वाजली.

"गरम आहे."

"हो का."

मी बसा म्हणेपर्यंत दादा दोन जिने उतरले होते.

बर्गर खाल्ला. दोन्ही टिक्क्या खाल्ल्या. मग ॲप काढताना येणारा तो पहिला पर्याय उघडून बराच वेळ बघत बसलो. दाबला नाही हो! पण आता मला आठही पाठ आहेत.