तीन सिलिंडर रजेवर

हेडक्लार्क निवृत्त झाले आणि त्यांनी हौसेने सहा सिलिंडरची जुनी गाडी घेतली. गॅरेजात काम करणारी मुलगी (इंजिनिअरिंग अर्धवट सोडलेली, म्हणून घरात तिच्या मताला किंमत शून्य) बजावत होती, "बाबा, आपल्याला तीनची पुरे. सहाची जोरात पळेल, मऊ चालेल, पण पेट्रोल ढोसेल. आणि दुरुस्तीला काढली की प्रत्येक वस्तू सहा-सहा घ्या."

"तीन म्हणजे अर्धी गाडी. मी हेडक्लार्क होतो, शिपाई नव्हे."

महिन्याभरात पेट्रोलने त्यांचे डोळे पांढरे केले. पण चूक कबूल करतील तर ते वडील कसले? ऑफिसात काम कमी असलं की ते निम्म्या माणसांना रजेवर पाठवायचे. इंजिनालाही तोच नियम लावला. तीन सिलिंडरच्या प्लगच्या वायरी उपसल्या, कागदात गुंडाळल्या, वर तारीख घातली आणि कपाटात ठेवल्या.

दुसऱ्याच सकाळी बायकोच्या थोरल्या बहिणीच्या घरून निरोप आला. ताईचं काही खरं नव्हतं, आणि ती सारखी धाकटीला विचारत होती.

"अहो, बसने जाऊ या."

"दारात सहा सिलिंडर असताना?"

गाडी खोकत, थरथरत निघाली आणि गावाबाहेरच्या चढावर मेली. हेडक्लार्कांनी मुलीला फोन लावला. वायरींचं सांगितलं.

"का काढल्यात?"

"काटकसर."

"बाबा, पेट्रोल त्या तिघांतही जातच होतं, फक्त ठिणगीवाचून जळत नव्हतं. वर उरलेले तीन या तिघांना ओढत होते. वायरी लावा आधी."

"त्या घरी आहेत." मग थोडं दबक्या आवाजात, "तारीख घालून ठेवल्यात."

बायको पिशवी मांडीवर घेऊन कडेच्या दगडावर बसली होती. ती काहीच बोलली नाही. (तीस वर्षं कुणी बोलू दिलंय?) तासाभराने तिचा फोन वाजला. भाचा होता.

"मावशी, आता घाई नको करूस. कुठे आहात? मी येतो घ्यायला."

त्याची गाडी छोटी, तीन सिलिंडरची. मावशीला त्याने पुढे बसवलं. काका मागे, गुडघे हनुवटीला टेकवून. तिघांना घेऊन गाडी निमूट चढ चढली. बायको खिडकीकडे तोंड करून रडत होती. काहीतरी बोलायला हवं, असं हेडक्लार्कांना फार वाटत होतं.

"ॲव्हरेज किती देते रे?"

"वीस, काका," भाचा म्हणाला. त्याची आई नुकतीच गेली होती, तरी त्याने उत्तर दिलं.