पुढची चाकं आत्याबाईंची

"कार-बिर काही सांगू नका. नवरदेव माह्या पिकअपनं जाईन!" कैलाशनं सासऱ्यांना, म्हणजे भय्याजींना, भर अंगणात सांगून टाकलं. नवरदेव होता त्याचा साळा योगेंद्र. वरात लाखांदूरकडच्या गावाहून पवनीला जायची होती. भय्याजींनी जावयाकडे पाहिलं, मग पिकअपकडे पाहिलं, मग पुन्हा जावयाकडे. बोलले काहीच नाहीत. जावयाला कोण बोलणार!

बोलली रीता, त्याची बायको. तीही घरी आल्यावर.

"साक्षगंधाले काय झालं होतं, आठवते ना जी?"

आठवत होतं. अख्ख्या तालुक्याला आठवत होतं. कैलाशची पिकअप जुनी. आधीच्या मालकानं तिला मागचा अ‍ॅक्सल दुसऱ्याच गाडीचा बसवला होता. त्यामुळे मागच्या चाकांना सहा-सहा बोल्ट आणि पुढच्यांना पाच-पाच. योगेंद्रच्या साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, जाताना पुढचं चाक पंचर झालं आणि स्टेपनी निघाली सहा भोकांची! रीताचं सगळं माहेर नव्या लुगड्यांत धानाच्या बांधावर बसून राहिलं. तेव्हापासून कैलाश डाल्यात, म्हणजे गाडीच्या मागच्या उघड्या भागात, दोन स्टेपन्या घेऊन फिरायचा, एक पाचाची, एक सहाची. लोक हसायचे. हसणारच.

"या बारीनं गाडी थांबली," रीता म्हणाली, "तर मी जनमभर एस्टीनंच माहेरी जाईन. तुमच्या गाडीत पाय नाही ठेवणार. सांगून ठेवतो."

रीता फार बोलत नाही. पण बोलली की ते दगडावर कोरलं समजा. कैलाश दुसऱ्याच दिवशी भोजराज मिस्त्रीकडे गेला.

"पुढचे हबच बदलवून टाक ना," चाक ज्यावर कसतात त्या चकतीवर पाना ठोकत भोजराज म्हणाला. "सहा बोल्टवाले लावू. चारी चाकं सारखे, स्टेपनी एकच. पण तसे हब भेटतीन कुठं?"

भेटतील कुठं? आत्याबाईंच्या परसात! सत्यभामाबाई ही कैलाशची सख्खी आत्या. तिच्या नवऱ्याची पिकअप, नवरा गेल्यापासून, पऱ्हाटीच्या वाळक्या काड्यांच्या ढिगाशेजारी उभी होती. आत कोंबड्यांचा संसार. पण पुढचे हब सहा बोल्टचे, आणि चाकं शाबूत.

"इकणार नाही," आत्याबाई म्हणाल्या. "धन्याची गाडी हाये. मी वावर इकत नाही, तं चाक कायले इकू? बटईनं नेत असशीन तं ने."

बटई म्हणजे काय, हे कैलाशला शिकवायला नको. वावर तिचं, मेहनत याची, पीक अर्धं-अर्धं. पण चाकाला कोणतं पीक येते? म्हातारी मजाक करून राहिली, असं समजून तो "हव, आत्याबाई" म्हणाला आणि हसला. तिथं हसायला नको होतं.

भोजराजनं हब बसवले, बेअरिंग बसली, चाकं बसली. चारी चाकं सहा बोल्टची! कैलाशनं गाडीभोवती तीन चकरा मारल्या. मग गाडी दाखवायला आत्याबाईंकडे नेली.

"आता डाल्यात दोन स्टेपन्या कायले?" आत्याबाईंनी विचारलं. "एक राहू दे माह्याघरी."

खरंच होतं. कैलाशनं दोन्ही टायरांवर हात फिरवला. एक घासून टकलं झालेलं, दुसरं नवंकोरं. टकलं आत्याबाईंना दिलं, नवंकोरं स्वतःला ठेवलं. व्यवहार असा करावा! तो शीळ घालत घरी आला.

लग्नाच्या सकाळी पिकअपला झेंडूच्या माळा लागल्या. डाल्यात सतरंजी, सतरंजीवर वऱ्हाड. नवरदेव बाशिंग सांभाळत पुढं बसायला आला, तर खिडकीच्या सीटवर आत्याबाई. मांडीवर पिशवी.

"आत्याबाई, तुमी मागं..." कैलाश म्हणाला.

"मागं कायले? पुढचा भाग माहा हाये. बटई ठरली ना?"

भय्याजींनी जावयाकडे पाहिलं. लग्नाच्या दिवशी म्हातारीशी कोण भांडणार? योगेंद्र गिअरच्या दांड्याला चिकटून मधे बसला. कैलाश तिसरा गिअर टाकायचा तेव्हा नवरदेवाला गुडघा उचलावा लागायचा.

कोसभरावर आत्याबाई म्हणाल्या, "डावीकडं घे."

"काहून? पवनी तं सरळ हाये!"

"गोदावरीबाईचं घर डावीकडं हाये. पुढचे चाकं कोणाचे?"

"तुमचे. पण..."

"पुढचे चाकं जिकडं जातीन, मागचे तिकडंच येतीन ना? का त्यायची येगळी वाट हाये?"

गाडी डावीकडे वळली. गोदावरीबाई, आत्याबाईंची मैत्रीण, तयारच बसल्या होत्या. त्या पुढं बसल्या, कारण त्या आत्याबाईंच्या वाट्याच्या. नवरदेव डाल्यात गेला. तिथं बाशिंगाला वारा लागू लागला, म्हणून ते दोन्ही बाजूंनी दोन करवल्यांनी धरलं. रीतानं नवऱ्याकडे मागच्या काचेतून पाहिलं. कैलाशनं आरसा वाकडा करून ठेवला.

पुढं आत्याबाईंना एका वळणावर वांगी घ्यायची होती. तीही घेतली. मुहूर्त जवळ येत होता, पवनीही जवळ येत होती. आणि फट्! पुढचं डावं चाक.

डाल्यातल्या सगळ्यांनी रीताकडे पाहिलं. पण कैलाश हसत उतरला! पंचर झाल्यावर हसणारा माणूस वऱ्हाडानं पहिल्यांदाच पाहिला.

"घाबरू नका जी! आता चारी चाकं सारखे हायेत. पाच मिनिटं." त्यानं जॅक लावला, पान्यानं नट काढले, चाक उतरवलं आणि नवीकोरी स्टेपनी गडगडत आणली. उचलून लावली. लागेना. फिरवली. लागेना.

"भोकं मोजा, जवाई," भय्याजी म्हणाले. जन्मात पहिल्यांदा बोलले.

कैलाशनं मोजली. पाच. पुन्हा मोजली. दुसऱ्यांदा मोजल्यानं सहावं भोक पडत नसते, बाप्पा!

"सहाचं तं माह्याघरी हाये," आत्याबाई खिडकीतून म्हणाल्या. "त्यात कोंबडी बसली हाये, अंड्यावर. तिले उठवाचं नाही हां."

तेवढ्यात मागून लाखांदूर-पवनी एस्टी आली. रीतानं हात दाखवला. पहिली तीच चढली. मागून बाशिंगासकट नवरदेव, मग भय्याजी, मग सगळं वऱ्हाड. कंडक्टरनं नवरदेवाला खिडकीची जागा करून दिली. रीतानं मागं वळूनही पाहिलं नाही. तो हातात पाना घेऊन एस्टी दिसेनाशी होईपर्यंत उभा राहिला.

"चला, गर्दी कमी झाली," गोदावरीबाई म्हणाल्या.

भोजराजला फोन झाला. तो आत्याबाईंच्या घरी जाऊन चाक मोटारसायकलवर बांधून घेऊन आला. कोंबडीला उठवायचं नव्हतं, म्हणून तिला अंड्यांसकट टोपल्यात घालून तीही आणली. टकलं चाक झटक्यात बसलं. सहाच्या सहा बोल्ट!

पिकअप मांडवासमोर पोचली तेव्हा अक्षता पडून, पंगती उठून, नवरीची पाठवणी सुरू होती. नवरदेव-नवरी गाडीजवळ आले. पुढच्या सीटवर आत्याबाई, गोदावरीबाई आणि टोपल्यात कोंबडी. नवरी रडता-रडता थांबली. रीता पिशवी घेऊन एस्टी स्टँडच्या वाटेला लागलेली दिसत होती.

आत्याबाईंनी नवरीच्या डोक्यावरून मायेनं हात फिरवला.

"बस, बाई, डाल्यात बस. लाजू नको. मागचा भाग माह्या डायवरचा हाये."

कैलाशनं डाल्याचा फाळका उघडला.