एकशेसाठ अंशांवरची चोरी

माझ्यासारखा गुप्तहेर अख्ख्या टेक्सासात दुसरा नाही. हे मी म्हणत नाही. आमच्या शेरीफनंच म्हटलंय, फक्त पुढे 'देवाची कृपा' असं जोडून. मी ऑर्विल पेत्रझेल्का.

माझी व्लास्तामावशी आणि तिचा चुलतभाऊ एमिलमामा यांची धुरावर शिजवलेल्या मांसाची दुकानं समोरासमोर. दोन्हींवर एकच पाटी, 'गावातलं सर्वांत जुनं'. यंदा पैज लागली होती. गावच्या मांस शिजवण्याच्या स्पर्धेत जो मागे राहील, त्यानं पाटी उतरवायची.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी मावशीनं मला बोलावलं. कुणीतरी उष्णता चोरत होतं. भट्टीत ओकची लाकडं धडधडत होती, तरी ब्रिस्केटमध्ये, म्हणजे बैलाच्या छातीच्या मांसात, खुपसलेल्या थर्मामीटरचा काटा दोन तास एकशेसाठ फॅरनहाइटवर ठाण मांडून होता. चाळीस वर्षं मावशी बोटानं दाबून मांस ओळखते. थर्मामीटर खास स्पर्धेसाठी आणलेला.

पहिला संशय त्याच्यावरच. मी तो तोंडात धरला. अठ्ठ्याण्णव. थर्मामीटर निर्दोष, मी निरोगी, आणि चव उत्तम. दुसरा संशय भट्टीला टेकून झोपलेल्या कुत्र्यावर. तो शेवटपर्यंत काही बोलला नाही. चोर रंगेहाथ सापडावा म्हणून मी दर पाच मिनिटांनी झाकण उघडून पाहत होतो.

शेवटी एमिलमामाला गाठलं. "मामा, भट्टीपासून वीस पावलं लांब, तरी घामाघूम. आमची उष्णता कुठे लपवलीत?"

"ऑर्विल, ऑगस्ट आहे रे बाबा."

आरोपी नेहमी महिन्यावर ढकलतात.

एवढ्यात मावशीचे वडील, अल्विनआजोबा, खुर्चीतल्या डुलकीतून उठले. त्यांनी मांस बोटानं दाबलं.

"घाम फुटलाय याला, त्यानंच ते थंड राहतंय. तो सुकेपर्यंत काटा हलत नाही. कागदात गुंडाळ आणि गप बस."

"इतकी वर्षं मला कसं दिसलं नाही?" मावशी म्हणाली.

"काटा होता कुठे तुझ्याकडे? घाम फुटला म्हणून चोर ठरत असेल, तर ऑर्विल, मांसालाच बेड्या घाल. आणि ते झाकण सारखं कोण उघडतंय?"

तपास मी तिथेच थांबवला. चोराचं नाव जाहीर करणं कुटुंबाच्या हिताचं नव्हतं.

निकाल लागला. मावशी नववी, मामा अकरावा. सोमवारी मामा शिडीवर चढला, मावशीनं शिडी धरली. पाटी निघाली. तिच्यामागे भिंतीवर मामाच्या वडिलांच्या हातची पुसट अक्षरं होती: 'नवीन दुकान. जुनं समोर आहे.'

मामानं ती झाकायला वरूनच रंगाचा डबा मागितला.

"राहू दे एमिल," मावशी म्हणाली. "इतकं खरं बोलणारी पाटी या रस्त्यावर दुसरी नाही."